लक्ष्याचा सिनेमा आणि इंटरव्हलला उठलेले बाबा

होटगी स्टेशनावर विजापूरकडून येणारी गाडी लेट असली की आमचा वेळ मोबाइलवरच जातो. परवा शेजारी बसलेल्या दोस्तानं एक रील दाखवलं. धो धो पाऊस, अमिताभ, भिजलेली साडी, जुनं हिट गाणं.

‘‘काय बे, ही हिरॉईन कोण?’’

‘‘स्मिता पाटील.’’

‘‘आमच्या मॅडम सारखं ‘उंबरठा’ ‘उंबरठा’ करतात, ती? चल बे, कायपण!’’

त्याचं चुकलं नाही. गाणं ‘नमक हलाल’मधलं, आणि ‘नमक हलाल’ आणि ‘उंबरठा’ दोन्ही १९८२चेच. एकीकडे घर सोडून महिलाश्रमाची नोकरी धरणारी सुलभा महाजन, दुसरीकडे हिरोच्या मागे पावसात भिजणारी नायिका. ‘नमक हलाल’ वाईट नाही, तुफान चालला, आजही टीव्हीवर लागला की आपण बघतो. पण तोपर्यंत ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या बाईला त्यात करायला काय होतं? त्या गाण्याच्या शूटिंगनंतर ती फार अस्वस्थ होती, हे पुढे खुद्द अमिताभनीच सांगितलंय. १९८६च्या डिसेंबरात ती गेली, तेव्हा वय ३१.

‘उंबरठा’ दिग्दर्शित केला जब्बार पटेलांनी. जन्म पंढरपूरचा, शिक्षण सोलापुरात, म्हणजे आपलेच. पेशानं डॉक्टर, दवाखाना दौंडला. होटगीहून पुण्याला निघालं की दौंड लागतंच, त्यामुळे मला ते उगाच ओळखीचे वाटतात. त्यांच्या सिनेमांची यादी काढून बसलो तेव्हा एक गंमत दिसली. इतरांनी एकाच साच्यात कोंबलेली माणसं यांच्याकडे आली की वेगळीच दिसतात.

निळूभाऊ घ्या. निळू फुले म्हटलं की आपल्याला आठवतो तो इरसाल, बाईवर डोळा ठेवणारा पाटील. मिमिक्री करणारा प्रत्येक जण त्याच एका आवाजावर टाळ्या घेतो. ‘सामना’तला (१९७५) हिंदुराव धोंडे पाटीलही पाटीलच, पण समोर श्रीराम लागूंचा मास्तर उभा राहिल्यावर त्या पाटलाच्या पोटातली भीती दिसते. आणि ‘सिंहासन’मध्ये (१९७९) तर ते थेट पत्रकार, दिगू टिपणीस! मास कॉमला असल्यामुळे मी हा सिनेमा तीनदा बघितलाय. सगळ्यांचं सगळं माहीत असलेला आणि काहीच करू न शकणारा माणूस त्यांनी जवळजवळ नुसत्या चेहऱ्यावर उभा केलाय. हेच निळूभाऊ हिंदीत ‘कुली’मध्येही आहेत. आहेत, एवढंच.

रीमा लागूंचं गणित तर डोकं फिरवणारं आहे. ‘मैंने प्यार किया’त (१९८९) त्या सलमानची आई, वय ३१. ‘वास्तव’मध्ये (१९९९) संजय दत्तची आई, आणि संजय दत्त त्यांच्यापेक्षा फक्त एका वर्षानं लहान! ‘वास्तव’मध्ये त्यांनी काम जबरदस्त केलंय, वाद नाही. पण नाटकात ‘पुरुष’मध्ये नाना पाटेकरांसमोर उभ्या राहणाऱ्या नटीला हिंदीनं वर्षानुवर्षं कुणाची ना कुणाची आईच केलं.

आता आपल्या पिढीचं बोलू. जेऊरच्या नागराज मंजुळेंनी ‘सैराट’मध्ये (२०१६) आकाश ठोसरला परश्या केलं आणि अख्खा जिल्हा नाचला. पुढच्याच वर्षी ‘एफयू’मध्ये तो चकचकीत शहरी कॉलेजात दिसला. आम्ही ग्रुपनं गेलो होतो. बाहेर आल्यावर कुणीच काही बोललं नाही, सरळ वडापाव खायला गेलो. विहिरीत बिनधास्त उडी मारणारा पोरगा तिथं उसने कपडे घालून आल्यासारखा वाटत होता. ही चूक त्याची म्हणावी, असं मला तरी वाटत नाही.

मग कुणाची? मला वाटायचं, निर्माते, दिग्दर्शक, हिंदीवाले. ‘लक्ष्या’पाशी आल्यावर मात्र माझी पंचाईत झाली.

लक्ष्मीकांत बेर्डे ‘टूरटूर’ नाटकातून पुढे आले, ‘धुमधडाका’, ‘अशी ही बनवाबनवी’नं घराघरात गेले. हिंदीत ‘हम आपके हैं कौन’सारख्या (१९९४) सुपरहिटमध्येही वाट्याला आला तो घरातला नोकर, लल्लू. पण त्याआधी, १९९२ला, जब्बार पटेलांनी त्यांना ‘एक होता विदूषक’ दिला. पटकथा पु. ल. देशपांड्यांची, ‘गुळाचा गणपती’नंतर तब्बल चार दशकांनी. तमाशातला सोंगाड्या आबुराव सिनेमाचा स्टार होतो, राजकारणाच्या दारापर्यंत पोचतो आणि मधेच कुठंतरी त्याचं स्वतःचं हसू हरवतं. या भूमिकेत लक्ष्या डोळे मिचकावत नाही, धडपडत नाही. एखाद्या सीनमध्ये नुसता बघतो आणि आपल्या पोटात कालवतं. सिनेमा चालला नाही. लक्ष्या परत धडपडायला लागला. हिंदीवाले यात कुठंच नव्हते, तिकीट मराठी माणसानं काढायचं होतं.

घरी बाबांना विचारलं, हा बघितलाय का? ‘‘बघितला की! म्हणजे, अर्धा.’’ लग्नाच्या आधी दोस्तांबरोबर सोलापूरला गेले होते. ‘‘लक्ष्या म्हटल्यावर हसायलाच गेलतो आम्ही. हा आपला गप्पच. इंटरव्हलला उठून आलो. पैसे वाया गेले म्हणून लई शिव्या दिल्या.’’

रविवारी रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉपवर लावला. आई पाच मिनिटांत झोपली. बाबा सुरुवातीला मध्ये मध्ये बोलत होते, कोण नट कोण, गाणी कुणाची. नंतर बोलायचे थांबले. अर्ध्यावर त्यांनी हातानं थांबव म्हणून खूण केली, आत जाऊन पाणी पिऊन आले आणि खुर्ची थोडी पुढे ओढून बसले.

‘‘इथनं पुढचं मला माहीत नाही,’’ म्हणाले. ‘‘लाव.’’