दोन वाटांचा मेळ

१९९९ साली आइसलँडच्या रेक्याविक नगरीत लेवे या गायिकेचा जन्म झाला. वडील आइसलँडचे, आईचे माहेर चीनमध्ये. त्यामुळे एकाहून अधिक भाषा तिच्या कानी बालपणीच पडल्या. आई व्हायोलिनवादक असल्याने अभिजात पाश्चात्त्य संगीतही घरीच लाभले. पंधराव्या वर्षी तिने राष्ट्रीय वाद्यवृंदासह चेलो वाजविला.

परंतु तिला जॅझचीही ओढ होती. अभिजात वादक लिहिलेल्या स्वरांशी बांधलेला असतो. जॅझमध्ये आयत्या वेळी नवे स्वर रचण्याची मोकळीक असते. मग वाट कोणती धरावी? बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकताना तिने दोहोंचा मेळ घातला. २०२० साली महासाथीने रंगमंच ओस पडले. त्याच वर्षी तिचे पहिले गीत प्रसिद्ध झाले आणि मायदेशीच्या नभोवाणीवर अग्रस्थानी पोहोचले. २०२४ साली तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.