राजधानीतला एक दिवस

आपल्या साकोलीच्या पोरांना नागपूर कितपत माहीत असतं? पुस्तकं, दवाखाना, नाहीतर कॅम्पस इंटरव्ह्यू. मीही तीनदा इंटरव्ह्यूलाच गेलो. तिसऱ्यांदा सकाळी अकरालाच कळलं की यादीत आपलं नाव नाही. इतक्या लवकर घरी जाऊन आईला काय सांगणार? म्हणून शहर पाहत फिरलो. अर्धवट राहिलं, तेव्हा पुढच्या रविवारी मुद्दाम परत गेलो. तो दिवस कसा घालवायचा, ते सांगतो.

सकाळची पहिली एस.टी. पकडा. लाखनी, कारध्याचा पूल, भंडारा, मौदा करत दोन-अडीच तासांत नागपूर येतं. भंडारा रोडवरून शहरात शिरताच प्रजापती नगरचं मेट्रो स्टेशन आहे, तिथून सीताबर्डी. उतरल्यावर आधी तर्री-पोहे, मग बाकी सगळं.

सीताबर्डीहून एकच स्टेशन पुढे झिरो माईल. इथे मात्र घाई करू नका. चार घोडे आणि दगडी खांब आपण फोटोत पाहतो आणि 'भारताचा मध्यबिंदू' म्हणून मोकळे होतो. खांबावर हैदराबाद, चांदा, जबलपूर अशी अंतरं मैलांत कोरलेली आहेत. पण शेजारी एक बुटका दगड आहे, तो बघा. तो १९०७ सालचा जी.टी.एस. बेंचमार्क आहे, म्हणजे तो उंची सांगणारा दगड आहे. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला आपण कॉलेजच्या पायरीवर स्टाफ धरून आर.एल. १००.००० 'असं समजा' म्हणतो ना? इथे समजायचं काही नाही. लेव्हल लावत, बॅकसाइट-फोरसाइट घेत समुद्रसपाटीपासूनची उंची मजल दरमजल इथवर आणली. ज्या सर्व्हेचा हा दगड, तो १८०२ मध्ये मद्रासहून सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ साली नागपूरला येताना वाटेत हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

जवळच विधानभवन. हे शहर १८६१ पासून मध्य प्रांताची आणि १९५० नंतर मध्य प्रदेशची राजधानी होतं. आपला भंडारा जिल्हाही त्यातच. म्हणजे आपल्या आजोबांची राजधानी शंभरेक किलोमीटरवर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली आणि ती एकदम मुंबईला, ९०० किलोमीटरच्या आसपास गेली! १९५३ च्या नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशन तेवढं इथे राहिलं.

अजब बंगल्यात (१८६३ चं संग्रहालय, सोमवार टाळा) तासभर पुरतो. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे आणि २६ जानेवारी, १५ ऑगस्टसारख्या दिवशीच उघडतो, म्हणून खालूनच बघा.

दुपार दीक्षाभूमीसाठी ठेवा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली, तेव्हा नागपूरचं राजधानीपण संपायला अवघे १८ दिवस उरले होते. १२० फूट व्यासाचा स्तूप आतून पोकळ आहे. आत उभं राहून वर बघितलं की घुमटाचं वजन रिंगणातून खाली कसं उतरतं, हा प्रश्न आपोआप पडतो. स्ट्रक्चर्सच्या पेपरात हा प्रश्न कधी असा पडला नव्हता! मी तिथे बराच वेळ बसून होतो. इंटरव्ह्यूचा विषय डोक्यातून गेला होता.

परतीची बस सहाच्या आत धरा. सावजी खायचं असेल तर दुपारीच उरकून घ्या. तो तिखटपणा पोटात घेऊन गच्च भरलेल्या एस.टी.त उभं राहणं काय असतं, ते मी कारध्यापर्यंत भोगलंय.