बिंदू मोजले, लांबी राहिली

आयबीएमचा पहिला पीसी १९८१मध्ये आला तेव्हा त्यासाठी दोन प्रकारची डिस्प्ले कार्डं मिळत. एक फक्त अक्षरं दाखवणारं, दुसरं रंगीत चित्रं काढणारं. दोन्ही कार्डं मेमरीतले वेगवेगळे पत्ते वापरत. त्यामुळे ती एकाच मशीनमध्ये बसत आणि दोन मॉनिटर एकदम चालत. अक्षरांचा पडदा ७२० बाय ३५० बिंदूंचा, रंगीत पडदा फार तर ६४० बाय २००चा. १९८३च्या लोटस १-२-३मध्ये आकड्यांचा तक्ता एका पडद्यावर आणि त्याचा आलेख दुसऱ्यावर ठेवता येई. प्रोग्राम लिहिणारे चुका शोधण्याचं साधन एकीकडे आणि चालता प्रोग्राम दुसरीकडे ठेवत. पडदे शेजारी होते, पण एकमेकांना ओळखत नव्हते. एकावरची कुठलीच गोष्ट सरकत दुसऱ्यावर जाणार नव्हती, त्यामुळे रिझोल्यूशन वेगळं असल्याचा त्रासही नव्हता.

त्रास सुरू होतो तो दोन पडदे मिळून एकच डेस्कटॉप करायचा म्हटल्यावर. १९८७च्या मॅकिन्टॉश टूमध्ये सहा स्लॉट होते आणि प्रत्येकात व्हिडिओ कार्ड घालता येई. कंट्रोल पॅनेलमध्ये मॉनिटरची छोटी चित्रं दिसत. टेबलावर पडदे जसे मांडले असतील तशी ती माउसने सरकवून ठेवायची. मुख्य पडद्याचा डावा वरचा कोपरा म्हणजे शून्य. त्याच्या डावीकडे पडदा असला तर तिथले आकडे उणे.

यातली अवघड गोष्ट पटकन लक्षात येत नाही. एक पडदा उंच, दुसरा बुटका असला की दोघांची मिळून होणारी आकृती आयताकृती राहत नाही. कुठल्याच काचेवर नसलेली जागा कोपऱ्यात उरते. तिथे विंडो गेली तर ती सापडायची कशी? बिल ॲटकिन्सन यांनी मॅकसाठी लिहिलेल्या क्विकड्रॉमध्ये कसल्याही वेड्यावाकड्या आकाराचं क्षेत्र हाताळायची सोय पहिल्यापासून होती. त्यामुळे डेस्कटॉपचा आकार वाकडा असला तरी मॅकला तो चालत असे. एखादी विंडो अर्धी रंगीत पडद्यावर आणि अर्धी कृष्णधवल पडद्यावर ठेवली, तर प्रत्येक अर्धा भाग आपापल्या पडद्याला झेपेल तसा काढला जाई. त्या काळच्या तुटपुंज्या मेमरीत हे केलं होतं, याचं मला आजही नवल वाटतं.

पण ते इतकं सुरळीत चाललं यामागे आणखी एक कारण होतं. ॲपलच्या तेव्हाच्या मॉनिटरांवर इंचाला साधारण सत्तर ते ऐंशी बिंदू असत. १९८९चा उभा पोर्ट्रेट डिस्प्ले ६४० बाय ८७०चा होता, तर दोन पानं शेजारी दाखवणारा ११५२ बाय ८७०चा. बिंदूंची संख्या वेगळी, पण बिंदूचा आकार जवळपास तोच. जास्त रिझोल्यूशन म्हणजे मोठा कागद, इतकाच त्याचा अर्थ. बारा पॉइंटचं अक्षर या पडद्यावरून त्या पडद्यावर नेलं तरी डोळ्यांना तेवढंच दिसे. बिंदू मोजले की काम भागतं, लांबी विचारायची गरज नाही, अशी सवय संगणकाला इथे लागली आणि पुढची पंचवीस वर्षं ती कुणी मोडली नाही.

अनेक पडद्यांचा एकच डेस्कटॉप करायची सोय विंडोजवाल्यांना १९९८मध्ये मिळाली. विंडोज ९८ नऊ मॉनिटरांपर्यंत सांभाळू शके, मात्र सहसा प्रत्येक मॉनिटरला वेगळं कार्ड लागे. पुढच्याच वर्षी मॅट्रॉक्सच्या जी४००ने एका कार्डावर दोन पडदे आणले.

बहुतेकांना दुसरा पडदा पहिल्यांदा भेटला तो मात्र प्रोजेक्टरच्या रूपात. लॅपटॉप १२८० बाय ८००चा, सभागृहातला प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८चा. दोन्हीकडे एकच चित्र दाखवायचं तर दोघांना जमेल असं रिझोल्यूशन शोधावं लागे. मग एकीकडे काळ्या पट्ट्या तरी येत, नाहीतर चित्र ताणलं जाऊन वर्तुळाची लंबवर्तुळं होत. वक्ता खोळंबलेला, कुणीतरी केबल काढून पुन्हा लावतंय, हे दृश्य कितीतरी व्याख्यानांच्या सुरुवातीला लोकांनी पाहिलं आहे.

मॉनिटरने आपली माहिती संगणकाला स्वतःच सांगावी, यासाठीचं मानक व्हेसा या संघटनेने १९९४मध्ये आणलं होतं. त्याला ईडीआयडी म्हणतात. १२८ बाइटांचा हा मजकूर मॉनिटरमध्येच साठवलेला असतो आणि केबल जोडली की संगणक तो वाचतो. कोणती रिझोल्यूशन चालतील हे त्यात असतं, आणि काचेची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहायलाही जागा असते. म्हणजे पडदा प्रत्यक्षात केवढा आहे हे कळण्याची सोय तेव्हापासून होती. विंडोजने मात्र इंचाला ९६ बिंदू हे गृहीतक धरलं, मग पडदा कुठलाही असो. त्याला थोडी सबब होती. प्रोजेक्टरला ठरावीक आकारच नसतो, आणि काही उपकरणं लांबी-रुंदीच्या जागी नुसतं १६ बाय ९ हे गुणोत्तर सांगून मोकळी होतात. तरी काही आकडे चुकीचे निघतात म्हणून सगळेच बाजूला ठेवणं मला पटत नाही.

बिंदूचा आकार सगळीकडे साधारण सारखाच, हे गृहीतक कोलमडलं २०१२मध्ये. ॲपलच्या पंधरा इंची रेटिना लॅपटॉपवर २८८० बाय १८०० बिंदू होते, इंचाला सुमारे २२०. शेजारी नेहमीचा चोवीस इंची मॉनिटर ठेवला तर तिथे इंचाला ९२. आता बिंदूच निम्म्याहून लहान झाला होता. ॲपलने उपाय केला सरळ दुपटीचा: दाट बिंदूंच्या पडद्यावर प्रत्येक गोष्ट दुप्पट बिंदूंत काढायची. हिशेब पूर्णांकात राहिला, म्हणून अक्षरं स्वच्छ राहिली. मात्र २०१३च्या मॅव्हेरिक्सपासून, मूळ सेटिंग न बदलल्यास, विंडो एका वेळी एकाच पडद्यावर दिसू लागली. मॅकिन्टॉश टूवर सहज होणारी गोष्ट आता सेटिंग बदलून मागावी लागते, याची मला खंत वाटते.

विंडोज ८.१मध्ये, त्याच वर्षी, प्रत्येक मॉनिटरला वेगळं स्केल देता येऊ लागलं. पण जुन्या प्रोग्रामांना याची कल्पना नव्हती. मग विंडोज त्यांचं तयार चित्रच ताणून मोठं करी आणि ते पुसट दिसे. देवनागरीला याचा फटका अधिक बसतो. रोमन अक्षर पुसट झालं तरी त्याची बाह्यरेषा ओळखू येते. आपल्याकडे शिरोरेषेची कड विरघळली, वरचा अनुस्वार आणि वेलांटी एकमेकांत मिसळली, 'द्ध' आणि 'द्व' सारखेच दिसू लागले, की वाचणाऱ्याला अंदाजाने पुढे जावं लागतं. मुद्रितं तपासणाऱ्याला अंदाज चालत नाही. २०१७च्या विंडोज १० सुधारणेनंतर हे बरंच सावरलं.

लिनक्सची वाट वेगळी होती. तिथे पडदे सांभाळणाऱ्या एक्स विंडो व्यवस्थेत २००७मध्ये रँडआर १.२ हा विस्तार आल्यावर चालू मशीनला मॉनिटर जोडणं सोपं झालं, पण दोन पडद्यांना दोन स्केल देणं शेवटपर्यंत ओढाताणीचंच राहिलं. एक्सच्या जागी येणाऱ्या वेलँडमध्ये दीडपट, सव्वापट अशा अपूर्णांकी मापांसाठीचा नियम २०२२मध्ये ठरला.

एक जुनी अडचण मात्र अजून जागेवर आहे. फोर-के लॅपटॉपशेजारी साधा १०८०चा मॉनिटर ठेवा. विंडोज त्यांची कड अजूनही बिंदूंनी जुळवतं. लॅपटॉपच्या उंचीत २१६० बिंदू, मॉनिटरच्या उंचीत १०८०, म्हणून लॅपटॉपची अर्धी कड भिंत होते आणि माउसचा बाण तिथे अडतो. विंडोज ११मध्ये बाण पलीकडे सरकवून देणारी एक सेटिंग आली, पण ती नुसती वाट काढून देते. सेटिंगच्या पानावर चौदा इंची लॅपटॉपचा चौकोन चोवीस इंची मॉनिटरच्या चौपट मोठा काढलेला दिसतो. त्या मॉनिटरची रुंदी सेंटिमीटरमध्ये त्याच्याच मेमरीत लिहिलेली असते, आणि ती वाचून हा चौकोन काढायला कुठलंही नवं यंत्र लागणार नाही.