जुन्या वायरलेस संचास वीज देताना

माजी विद्यार्थ्यांपैकी कुणाच्या माळ्यावर वडिलांचा व्हॉल्व्हचा हौशी रेडिओ संच असेल, तर त्यास एकदम २३० व्होल्टचा दाब देऊ नये. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर वापराविना क्षीण होतो. पूर्ण दाबाने कपॅसिटर तापून फुटू शकतो. अनगोळच्या घरी मी संचाच्या वाटेत १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडतो. एलईडी येथे निरुपयोगी. बल्ब प्रखरच राहिला, तर आत शॉर्ट आहे असे समजावे.

दोन्ही तारा तोडणारा एकच मुख्य स्विच दाराशी असावा आणि तो घरातील प्रत्येकास ठाऊक असावा. धक्का बसलेल्यास स्पर्श करण्यापूर्वी तोच बंद करावयाचा. तथापि, त्यानंतरही ट्रान्समीटरच्या कपॅसिटरांत शेकडो व्होल्ट टिकून राहू शकतात; मीटरवर शून्य पाहूनच आत हात घालावा.