अनुकूली दिवे, मोटारगाडीचे

मोटारगाडीच्या पुढील दिव्यांचा झोत गाडीचा वेग, वळण, भार आणि समोरील वाहतूक यांनुसार आपोआप वळविणाऱ्या, वरखाली करणाऱ्या किंवा काही भागापुरता झाकणाऱ्या योजनेस अनुकूली दिवे म्हणतात. ज्या गाडीत ही योजना कारखान्यातून आलेली नसते, त्या गाडीवर काही मालक ती मागाहून बसवून घेतात. हे काम वरकरणी दिव्यांची अदलाबदल वाटते. वस्तुतः संवेदक, नियंत्रक आणि दिवा या तिन्हींची ती एकत्र जोडणी असते. नुसता दिवा बदलल्यास मिळतो तो अनुकूली दिवा नव्हे, तर केवळ अधिक प्रखर दिवा. आणि त्याचा उपद्रव तो लावणाऱ्यास न होता समोरून येणाऱ्यास होतो.

इतिहास : झोत वळविण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील टकर कंपनीच्या १९४८ मधील गाडीत मध्यभागी तिसरा दिवा असून तो सुकाणू चक्राबरोबर वळत असे. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीने १९६७ मध्ये आपल्या डीएस या गाडीचे आतील दिवे तारांच्या साह्याने सुकाणूस जोडले. १९९१ मध्ये जर्मनीतील बीएमडब्ल्यू कंपनीने झेनॉन वायूचा विद्युत् विसर्जन दिवा वापरात आणला. प्रकाश वाढला, तसा डोळे दिपण्याचा प्रश्नही वाढला व झोताची उंची आपोआप राखणे आवश्यक ठरले. पुढे प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थांचे, म्हणजे एलईडीचे, स्वतंत्रपणे मालवता येणारे गट असलेले दिवे आले; औडी कंपनीच्या ए ८ या गाडीत ते २०१३ मध्ये दिसू लागले. अमेरिकेने अशा दिव्यांस २०२२ मध्ये परवानगी दिली.

रचना व कार्य : सुकाणूचा कोन, चाकांचा वेग आणि गाडीचे उभ्या अक्षाभोवतीचे वळणे मोजणारे संवेदक आपली मोजमापे नियंत्रकास पुरवितात. आस व सांगाडा यांमधील अंतर मोजणारे संवेदक मागील भार वाढल्याची सूचना देतात. अधिक प्रगत योजनेत पुढील काचेमागे कॅमेरा असतो. तो समोरील वाहनाचे दिवे ओळखतो आणि तेवढ्याच दिशेचे एलईडी मालवून वा मंद करून उरलेला रस्ता पूर्ण उजळलेला ठेवतो. ही सर्व माहिती ‘कॅन बस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सामाईक वाहिनीवरून जाते. दिव्यातील लहान चलित्रे तीनुसार झोत फिरवितात.

झोताची सीमा : डिपरच्या झोतास वरून एक स्पष्ट सीमारेषा असते. ती साधारणतः १ टक्का उताराने, म्हणजे १० मी. अंतरावर १० सेंमी. खाली, लावतात. दिवा जमिनीपासून ६५ सेंमी. उंच असल्यास ही रेषा ६५ मी. अंतरावर रस्त्यास मिळते. मागील आसनांवर माणसे व सामान भरून गाडीचे नाक २ टक्के, म्हणजे एका अंशाहून थोडे अधिक, वर उचलले गेले, तर ५० मी. अंतरावर तीच रेषा सु. ११५ सेंमी. उंचीवर जाते; समोरच्या लहान मोटारीतील चालकाचे डोळे साधारणतः याच उंचीवर असतात. एका अंशाची चूक किती महागात पडते, हे यावरून ध्यानात येईल.

भारतात वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून येथील दिव्याची सीमारेषा डावीकडे वर चढते व रस्त्याची कडा उजळते. यूरोपातील बहुतेक देशांत व अमेरिकेत वाहने उजवीकडून चालत असल्याने तेथील दिव्याचा झोत उजवीकडे चढतो. असा जुना आयात दिवा येथे बसविल्यास तो कडेऐवजी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश टाकतो. तो कितीही नीट लावला तरी हा दोष जात नाही.

मागाहून जोडणी : हॅलोजन बल्बच्या परावर्तकात एलईडी वा झेनॉन बल्ब घालणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सदोष मार्ग होय. परावर्तकाचा आकार तंतूच्या लांबी-जाडीस व नेमक्या स्थानास अनुसरून आखलेला असतो. प्रकाशाचा उगम बदलला की सीमारेषा विस्कटते. झेनॉनच्या बाबतीत प्रकाशाचे मानही फार वाढते. एच ७ हॅलोजन बल्ब सु. १,५०० ल्युमेन प्रकाश देतो, तर ३५ वॉटचा झेनॉन दिवा सु. ३,२०० ल्युमेन देतो. हा दिवा पेटविण्यास २०,००० व्होल्टहून अधिक दाबाचा स्पंद लागतो, म्हणून त्याची जोडणी अननुभवी हातांनी करू नये.

योग्य जोडणीत त्याच प्रतिमानाच्या वरच्या श्रेणीतील संपूर्ण दिवा, त्याचे नियंत्रक, आसावरील संवेदक, तारांचा संच आणि आवश्यक तेथे कॅमेरा बसवावा लागतो. त्यानंतर गाडीच्या मुख्य संगणकास नव्या उपकरणांची नोंद द्यावी लागते. अन्यथा तो दोष दर्शवितो व दिवे एकाच स्थितीत अडकून राहतात. शेवटी सपाट जमिनीवर, चाकांतील हवा योग्य ठेवून, संवेदकांचे शून्य स्थान ठरवावे आणि प्रकाशमापक यंत्रावर किंवा १० मी. अंतरावरील भिंतीवर झोत तपासावा. ही तपासणी गाडी रिकामी असताना व मागे भार असताना, अशी दोनदा करावी.

रस्ता आणि उपयुक्तता : दिव्याची उपयुक्तता रस्त्यावर अवलंबून असते. धाराशिव जिल्ह्याचे उदाहरण याबाबतीत बोधप्रद आहे. तुळजापूर, धाराशिव, येडशी या मार्गाने जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ आणि नळदुर्ग, उमरगा यांवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ यांच्या सरळ टप्प्यांवर वळणदर्शी झोताचा फारसा लाभ होत नाही. बालाघाटच्या घाटवळणांवर मात्र तो स्पष्ट जाणवतो. कॅमेऱ्याची मर्यादाही येथे दिसते. ऊसतोडणीच्या हंगामात रस्त्यावर येणाऱ्या बैलगाडीस बहुधा दिवा नसतो, आणि आश्विन नवरात्रात व कोजागरीस तुळजापूरकडे पायी निघणाऱ्या भाविकांजवळही तो नसतो. प्रामुख्याने वाहनांचे दिवे ओळखणारा कॅमेरा यांना ‘समोरचे वाहन’ समजत नाही. अपरचा पूर्ण झोत त्यांच्यावर तसाच राहतो. चालकास ते दिसतात हे खरे, पण त्यांचे डोळे दिपतात व कडेचा खड्डा किंवा मागचे वाहन त्यांना उमगत नाही. अशा रस्त्यावर योजना स्वयंचलित असली तरी हाताने डिपर देण्याची सवय सोडू नये.

कायदा : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०६ नुसार दिव्यापासून ८ मी. अंतरावर, उजवीकडे ०.५ मी. सरकून व १.५ मी. उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीस दिपविणार नाही, इतका झोत कायम खाली वळलेला असावा लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलास प्रतिबंध करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रु. दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून सुटे भाग घेण्यापूर्वी उत्पादकाकडून ते त्या प्रतिमानास मान्य असल्याची खात्री करावी व परिवहन कार्यालयात चौकशी करावी. ते शक्य नसल्यास मूळ दिव्याची काच स्वच्छ करणे, काळवंडलेला परावर्तक बदलणे, ठरलेल्या क्षमतेचे नवे बल्ब घालणे आणि झोत नीट लावून घेणे एवढ्यानेही रस्ता पुष्कळ उजळतो, व समोरच्याची दृष्टीही शाबूत राहते.