जबडा का दुखतो? : कारणे व काळजी

स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेच्या काउंटरवर आयुष्याची वीस वर्षे घालविलेले कारकून. परंतु काउंटरवर बसणाऱ्याला एक गोष्ट सहज दिसते. समोरचा माणूस बोलताना तोंड किती उघडतो, ही ती गोष्ट. आधी नांदेडला आणि बदलीनंतर लातूरला, पंचविशी-तिशीतले कितीतरी तरुण ओठ न हलवता दबक्या आवाजात बोलताना आम्ही पाहिले. प्रथम वाटे, तोंडात तोबरा असेल. काहींच्या तोंडात तो असेही. पण काहींच्या तोंडात काहीच नसे. तोंडच उघडत नसे. विचारले तर उत्तर ठरलेले : "काही नाही साहेब, जरा जबडा धरलाय."

हा 'धरलेला जबडा' आमच्या मनातून जाईना. ओळखीच्या डॉक्टर मंडळींना विचारून, वाचन करून जे समजले ते समितीच्या सभासदांसमोर व विद्यार्थी मित्रांसमोर ठेवीत आहोत.

दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण दूर केले की दुःख दूर होते आणि ते दूर करण्याचा मार्ग आहे, ही तथागतांची शिकवण आपण विहारात नेहमी ऐकतो. शरीराच्या दुखण्यालाही हाच विचार लागू पडतो. जबडेदुखी हा एक रोग नाही, ती खूण आहे. तिच्यामागे पाच-सहा निरनिराळी कारणे असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. कारण न शोधता गोळी घेणे म्हणजे खातेदाराचे नाव न पाहता रक्कम जमा करण्यासारखे आहे.

जबड्याची रचना

वरचा जबडा कवटीला पक्का जोडलेला असतो. हलतो तो खालचा. कानाच्या भोकाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा व मिटा. बोटाखाली जे सरकताना जाणवते तो जबड्याचा सांधा. दोन्ही बाजूंना एकेक सांधा असतो आणि त्यात हाडावर हाड घासू नये म्हणून कूर्चेसारखी लवचिक चकती असते. गालातील व कानशिलावरील बळकट स्नायू हा जबडा ओढतात.

दात, हिरड्या, जबडा व कानापुढचा भाग यांची संवेदना मेंदूकडे नेणारा मज्जातंतू एकच आहे. त्याला तीन शाखा असतात. त्यामुळे दुखते एका जागी आणि जाणवते दुसऱ्या जागी. खालची दाढ किडलेली असता माणूस 'कान ठणकतो' म्हणून कानाच्या डॉक्टरकडे जातो, तो यामुळेच.

कारण पहिले : दाढ व हिरडी

सर्वांत जास्त आढळणारे कारण हेच. गोड व चिकट अन्न दातात अडकून राहते, तोंडातील जंतू त्यापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते. खड्डा आतल्या नसेपर्यंत पोहोचला की ठणका लागतो, आणि मुळाशी पू झाला की अर्धा जबडा दुखतो.

येथे एका गैरसमजाविषयी लिहिणे आवश्यक वाटते. आपल्या भाषेत दाढ 'किडली' म्हणतात, म्हणून तिच्यात खरोखरच किडा असतो असे अनेकांना वाटते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन 'किडे पाडणारे' लोक आम्ही लहानपणी बाजारात पाहिले आहेत. दाढेत किडा नसतो. धुरीने काही काळ ठणका कमी झाल्यासारखा वाटतो, पण पू आत तसाच राहतो. दुखऱ्या दाढेखाली तंबाखू धरणे किंवा मिश्री लावणे हेही घातकच. लवंगेच्या तेलाने तात्पुरता आराम पडतो, परंतु तो उपचार नव्हे. दाढ भरणे, रूट कॅनॉल करणे किंवा ती काढणे, यांपैकी काय करायचे ते दंतवैद्याने ठरवायचे.

विद्यार्थ्यांना विशेष त्रास देते ती अक्कलदाढ. साधारण सतराव्या ते पंचविसाव्या वर्षात ती येते. जागा अपुरी असेल तर ती आडवी अडकते, वरच्या हिरडीच्या पडद्याखाली अन्न साचते, सूज येते आणि तोंड उघडणे कठीण होते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी आराम पडतो, पण वारंवार त्रास होत असेल तर एक्स-रे काढून घ्यावा. जबड्याखाली सूज पसरून ताप आला, गिळता येईना वा श्वास घेताना त्रास होऊ लागला तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे. अशी सूज श्वासनलिका दाबू शकते.

कारण दुसरे : सांधा, स्नायू आणि मनावरचा ताण

दहावी-बारावीच्या 'लातूर पॅटर्न'चे नाव साऱ्या महाराष्ट्रात आहे. खेड्यापाड्यांतून मुले लातूर-नांदेडला येऊन खोली करून राहतात व डॉक्टर-इंजिनिअर होण्यासाठी रात्रंदिवस अभ्यास करतात. त्यांत आपल्या समाजातील मुला-मुलींची संख्या वाढत आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण परीक्षेच्या ताणाने कित्येक जण नकळत दात आवळून बसतात किंवा झोपेत दात खातात. सकाळी उठल्यावर कानशिले जड होणे, गाल दुखणे, दात झिजणे ही त्याची लक्षणे. काहींना 'पोटात जंत झाले' म्हणून औषध दिले जाते. जंताचे औषध जंतांसाठी घ्यावे. दात खाण्याशी ताण, अपुरी झोप, चहा-कॉफीचा अतिरेक व व्यसने यांचा संबंध अधिक आहे.

तोंड उघडताना कानापुढे 'कट्' असा आवाज येतो, त्यानेही लोक घाबरतात. दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल तर नुसत्या आवाजाला उपचार लागत नाही. दुखत असेल तर दोन-तीन आठवडे मऊ अन्न खावे. कडक भाकरी, फुटाणे, ऊस दातांनी सोलणे बंद ठेवावे. कोमट कापडाने दिवसातून दोन-तीनदा शेक द्यावा व जांभई देताना हनुवटीला हाताचा आधार द्यावा. एक साधा नियम विद्यार्थ्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा : ओठ मिटलेले, दात सुटे. जेवणाखेरीज वरचे व खालचे दात एकमेकांना टेकण्याचे काही कारण नाही. जबडा मोठ्या जांभईने निखळला आणि तोंड उघडेच राहिले तर घरी ओढाताण न करता डॉक्टरकडे न्यावे.

कारण तिसरे : सुपारी आणि पुडी

आता काउंटरवरच्या त्या तरुणांकडे वळू. त्यांचा जबडा सांध्यात अडकलेला नसतो. गालाच्या आतली त्वचा मऊपणा गमावून दोरखंडासारखी ताठ झालेली असते. डॉक्टर याला 'सबम्युकस फायब्रोसिस' म्हणतात. १९५२ साली पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांमध्ये या विकाराची नोंद झाली आणि १९५३ मध्ये डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्णांविषयी लिहिले. म्हणजे पुडी येण्यापूर्वीही हा विकार होता, कारण त्याचे मूळ सुपारीत आहे. पुडीने फक्त ती सुपारी शाळकरी मुलाच्या खिशापर्यंत पोहोचविली.

सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य गालातील पेशींना चिवट तंतू अधिक तयार करावयास लावते, आणि ते तंतू नेहमीसारखे विरघळत नाहीत. प्रथम तिखट सोसेनासे होते. ठेचा-भाकरीवर वाढलेला मराठवाड्याचा गडी भाजीतली मिरची बाजूला काढू लागला की घरच्यांनी सावध व्हावे. पुढे गाल पांढुरका व ताठ होतो, शिट्टी वाजविता येत नाही, गाल फुगविता येत नाही, जबडा ओढल्यासारखा दुखतो आणि शेवटी घास आत जाईनासा होतो.

याची परीक्षा घरीच होते. स्वतःच्या हाताची तीन बोटे उभी करून समोरच्या दातांच्या मध्ये घाला. सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर या आठवड्यात दंतवैद्याकडे जा. एकच जात असेल तर उद्याच जा.

"मी तंबाखू खात नाही, नुसती गोड सुपारी खातो," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले आहे. फायब्रोसिस झालेल्यांपैकी काहींना पुढे तोंडाचा कर्करोग होतो. आरंभी सुपारी सोडली, औषधे, इंजेक्शने व तोंड उघडण्याचे व्यायाम केले तर बराच फायदा होतो. उशिरा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि पहिल्यासारखे तोंड बहुधा उघडत नाही.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली आणि ती पुढे वाढवीत नेली. तरी पुडी हातात दिसतेच. आम्ही कारकून, म्हणून हिशेब मांडतो. पुडी दहा रुपयांची धरली आणि दिवसाला पाच खाल्ल्या तर वर्षाचे १८,२५० रुपये होतात. हेच पैसे आवर्ती ठेवीत टाकले तर लेकराच्या कॉलेजची फी निघते.

कारण चौथे : हृदय

हे कारण दुर्मिळ वाटेल, पण जिवावर बेतणारे आहे, म्हणून एक घरचाच अनुभव सांगतो. आमच्या नात्यातील एका मावशींना मधुमेह होता. बाजारातून पिशवी घेऊन येताना त्यांचा खालचा जबडा दुखे. ओट्यावर टेकल्या की थांबे. सर्वांनी दाढेवर ठपका ठेवला. एका दवाखान्यात दाढ काढली. दुखणे राहिले, म्हणून दुसरीही काढली. महिनाभराने जिना चढताना जबडा दुखून त्यांना दरदरून घाम फुटला तेव्हा रुग्णालयात नेले. दोष हृदयाच्या रक्तवाहिनीत निघाला. मावशी वाचल्या. आजही त्या हसून म्हणतात, "बाबा, माझ्या दोन दाढा फुकट गेल्या की रे!"

हृदयाच्या वेदना छातीतच होतात असे नाही. त्या डाव्या हातात, मानेत, जबड्यातही जाणवतात. स्त्रियांत व मधुमेहींत छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. चालताना किंवा श्रम करताना जबडा दुखतो व विश्रांतीने थांबतो, तर हृदयाची तपासणी करावी. दुखण्यासोबत घाम, धाप, मळमळ किंवा छातीवर दाब असेल तर दंतवैद्याकडे न जाता १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून विनामूल्य आहे.

इतर काही कारणे

गालफुगीत कानाखाली सूज येते, तापही असतो. जेवताना जबड्याखाली गाठ फुगून दुखत असेल तर लाळेच्या नळीत खडा असू शकतो. सर्दी साचून वरचा जबडा जड होतो, वाकल्यावर अधिक दुखतो. दाढी करताना किंवा वारा लागताच विजेचा झटका बसावा तशी कळ येत असेल तर तो मज्जातंतूचा विकार असतो. त्यासाठी दाढ काढू नये. शेतात खिळा-काटा लागल्यानंतर काही दिवसांनी दातखिळी बसू लागली तर धनुर्वाताची शंका घेऊन तत्काळ रुग्णालयात न्यावे. ती बाहेरची बाधा नव्हे. मातीतील जंतू जखमेत गेल्याने ती होते, आणि लस वेळेवर घेतली तर टळते. मुलांना दहाव्या व सोळाव्या वर्षी ही लस चुकवू नये.

कोठे जावे?

नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय आहे. दोन्ही शहरांत दंत महाविद्यालयेही आहेत. तेथे खाजगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात तपासणी होते. हृदयरोग व कर्करोगाच्या मोठ्या उपचारांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने पहिल्या टप्प्यात ज्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. म्हणून पैशाअभावी दुखणे अंगावर काढू नये. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे.

समारोप

शेवटी थोडे कटू लिहितो, क्षमा असावी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पाचवे शील आपण दर पौर्णिमेला हात जोडून घेतो. वंदना संपताच विहाराच्या मागच्या भिंतीशी पुड्या फाटल्याचा आवाज येतो, हे आम्ही स्वतः ऐकले आहे. एका तरुणाला हटकले तर तो म्हणाला, "काका, शीलात दारू आहे, सुपारी कुठंय?" तंबाखू बुद्धकाळी या देशात नव्हतीच. ती बाराशे-पंधराशे नव्हे, दोन हजार वर्षांनंतर परदेशी व्यापाऱ्यांबरोबर आली. तिचे नाव शीलात कसे सापडणार? पण ते शील केवळ एका पेयाविषयी नाही. ज्याने माणूस प्रमादात पडतो, बेसावध होतो, त्या सर्वांविषयी आहे. स्वतःचे तोंड मिटत चालले आहे हे दिसत असताना पुढची पुडी फाडणे, याहून मोठी बेसावधी कोणती?

आपल्या वाडवडिलांना तोंड उघडण्याची मुभा नव्हती. बाबासाहेबांनी आपल्याला बोलायला शिकविले. ते तोंड आपल्याच हाताने बंद करून घेणे आपल्याला शोभत नाही. म्हणून समितीला आमची नम्र सूचना आहे की, येत्या वर्षावासापासून समितीच्या कोणत्याही कार्यक्रमात, लग्नकार्यातसुद्धा, पान-सुपारीचे तबक फिरवू नये, आणि वर्षातून एकदा विहारात दंततपासणी शिबिर घ्यावे. तीन बोटांची परीक्षा मात्र शिबिराची वाट न पाहता, हा लेख वाचून संपताच प्रत्येकाने करावी आणि घरातील तरुणांनाही करावयास लावावी.

जय भीम! नमो बुद्धाय!