सर्व्हर काय म्हणतोय ते आधी वाचा

सातपूर औद्योगिक वसाहतीत ईएसडीएस या नाशिकच्याच कंपनीचं डेटा सेंटर आहे. अशा ठिकाणी सर्व्हरजवळ प्रत्यक्ष जाणारी माणसं मोजकीच. बाकीचे कॉलेज रोडवरच्या फ्लॅटमधून, हिंजवडीतून किंवा परदेशातून एसएसएचने आत शिरतात आणि टर्मिनलवर कमांड देऊन काम उरकतात. एखाद्या सकाळी ते जमत नाही आणि ग्रुपवर निरोप पडतो, ‘सर्व्हर लागत नाहीये.’ एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही.

एसएसएचचा जन्म 1995 सालचा. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून टिपले. तेव्हाचं टेलनेट पासवर्ड उघडाच पाठवायचं. म्हणून तिथल्या तातू युलोनेन यांनी सगळी देवाणघेवाण कूटबद्ध करणारा प्रोग्राम लिहिला. एफटीपीचं पोर्ट 21, टेलनेटचं 23. मधलं 22 मोकळं होतं, ते त्यांनी मागून घेतलं.

आता बिघाडाकडे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर बहुतेक वेळा मशीनपर्यंत तुम्ही पोचलात, पण त्या पोर्टवर एसएसएचची सेवा चालू नाही. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे हाकेला ओच नाही: पत्ता चुकला, मशीन बंद आहे किंवा फायरवॉलने तुमची विनंती गिळली. ‘काल चालत होतं, आज नाही’ या तक्रारीत घरचा राउटर जरूर तपासा. तो बंद-चालू झाला की ब्रॉडबँडचा आयपी पत्ता बदलू शकतो आणि फायरवॉलच्या परवानगीच्या यादीत जुनाच राहतो.

‘परमिशन डिनाइड’ आलं की फायरवॉलवाल्यांना फोन करू नका, जोडणी झालेली आहे. युजरचं नाव, एसएसएचची की आणि फाइलींच्या परवानग्या बघा. खासगी कीच्या फाइलला 600, सर्व्हरवरच्या एसएसएच फोल्डरला 700. होम फोल्डरमध्ये इतरांना लिहिता येत असेल तर सर्व्हर तुमची की मानतच नाही, आणि त्याचं कारण तुमच्या पडद्यावर येत नाही. ते सर्व्हरच्या लॉगमध्ये सापडतं.

होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख सांगणारी की, बदलल्याचा मोठा इशारा आला की बरेच जण आपल्याकडे साठवलेली जुन्या कीची ओळ पुसून पुढे जातात. ही सवय वाईट. सर्व्हर नव्याने उभारलाय का, हे आधी विचारा.

स्क्रिप्टचं दुखणं निराळं. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून अडते. फाइल समोर असते, ती चालवणारा बॅश हा शेलही असतो. पण विंडोज ओळीच्या शेवटी दोन चिन्हं ठेवतं आणि लिनक्स एकच, त्यामुळे उरलेलं अदृश्य चिन्ह ‘बॅश’ला चिकटतं आणि त्या नावाचा प्रोग्राम सापडत नाही. ‘डॉस-टू-युनिक्स’ एकदा चालवलं की काम झालं.

समजा, फाइलचं नाव ‘लासलगाव भाव’ आहे. स्क्रिप्टमध्ये ते नाव धरणारं व्हेरिएबल दुहेरी अवतरणात नसेल तर शेल त्याच्या दोन फाइली समजतो. कमांड फाइल वाचणारी असेल तर नुसती एरर येते. पुसणारी असेल तर भलतीच फाइल जाऊ शकते. आणि हाताने चालणारी स्क्रिप्ट ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये बंद पडली, तर बहुधा क्रॉनचा ‘पाथ’ तोकडा असतो. प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहा.

मदत मागताना एसएसएच ‘हायफन व्ही’ लावून चालवा आणि शेवटच्या ओळी जशाच्या तशा पाठवा. आयपी आणि युजरची नावं झाका. खासगी की मात्र कुणीही मागितली तरी देऊ नका.